एकमताचा कागद

डोंगरच डोंगर असलेल्या एका राज्यात निरोप पोचवण्याचे काम उन्हाकडे सोपवलेले होते. शिखराशिखरावर मनोरा, मनोऱ्यावर पुरुषभर उंचीचा आरसा आणि आरशापाशी एक निरोप्या, अशी ती व्यवस्था होती. निरोप्या आरसा तिरपा करी, उन्हाची तिरीप पुढच्या शिखरावर पाडी आणि लांब-आखूड तिरिपींच्या खुणांमधून निरोप एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावर जाई. चार दिवसांच्या वाटेवरचे बोलणे दोन घटकांत पोचे.

राज्याच्या मधोमध नदी होती. नदीच्या पूर्वेचे सारे मनोरे एका आरसेघराचे, पश्चिमेचे सारे दुसऱ्याचे. लोक त्यांना पूर्वघर आणि पश्चिमघर म्हणत. दोन्ही घरांनी आपापल्या खुणा मुद्दाम निराळ्या ठेवल्या होत्या. नोकरीवर घेताना प्रत्येक निरोप्याकडून शपथ घेतली जाई, की समोरच्या घराच्या खुणा मी शिकणार नाही. कोणाला त्या नुसत्या पाहून पाहून कळू लागल्याच, तर त्याची नेमणूक नदीपासून दूरच्या मनोऱ्यावर होई.

तरीही पूर्वेचा निरोप पश्चिमेला पोचत असे, तो एका बाईमुळे. नदीच्या पात्रात एक बेट होते आणि बेटावर एक टेकडी. तिथे भागाबाई राहत असे. तिचा नवरा आरसे उजळणारा होता. दोन्ही घरांना लागणारा असा तो एकच कारागीर. त्याच्याबरोबर मनोऱ्यामनोऱ्यांवर हिंडताना भागाबाई दोन्हीकडच्या खुणा शिकली. नवरा वारल्यावर तिने परातीएवढा एक आरसा टेकडीवर टांगला. एका तीरावरच्या खुणा ती वाची आणि दुसऱ्या तीराच्या खुणांत उतरवून पुढे धाडी. पूर्वेच्या मुलीचे बाळंतपण पश्चिमेच्या आईला कळे ते असे.

ही दोन घरे एकमेकांशी किती भांडत, हे राज्यात सर्वांत जास्त ठाऊक होते ते न्यायसभेतल्या वृद्ध नियमाधिकाऱ्याला. त्याला सारे पंत म्हणत. बारा वर्षे दर सोमवारी पूर्वघरचा वकील आणि दर गुरुवारी पश्चिमघरचा वकील त्याच्यापुढे उभा राही.

पूर्वघरचा वकील म्हणे, "पंत, पश्चिमघर गावोगाव फुकट मनोरे बांधून देते. फुकटापुढे दुसरा कोण टिकणार? आणि एकदा दुसरे कोणी उरले नाही, की फुकटही उरत नाही."

पश्चिमघरचा वकील म्हणे, "पंत, पूर्वघराने झाडून सगळ्या आरसेकारांना बांधून घेतले आहे. आम्हांला आरसा विकला, तर त्या कारागिराकडून पुन्हा माल उचलत नाहीत."

पंत दोन्ही तक्रारींची चौकशी करी. दोन्ही खऱ्या निघत, आणि हीच तर अडचण होती. एकाला दटावले, की दुसरा त्याच दटावणीचा आधार घेऊन आपली वाट मोकळी करून घेई. शिवाय दोन्ही घरांनी विद्वान पदरी बाळगले होते. हे विद्वान राजवाड्यात व्याख्याने देत आणि ज्याचे अन्न खात, त्याचा लाभ हेच प्रजेचे हित, असे मोठ्या प्रासादिक वाणीने सिद्ध करीत. वकील तर पंताच्या घरचीही विचारपूस करीत. त्याच्या गुडघ्यासाठी तेल कोणी पाठवायचे, यावरून त्यांच्यात एकदा वाद झाला होता. पंताने दोन्ही बाटल्या परत केल्या, आणि गुडघा दुखतच राहिला.

पंत थकला होता. त्याने तीनदा निवृत्ती मागितली, आणि तिन्ही वेळा राजाने एकच उत्तर दिले, "हा तंटा मिटवा आणि सुखाने जा." पश्चिम तीरावर कुरणवाडी नावाच्या गावी पंताचा धाकटा भाऊ शेती पाही. तिथल्या पडवीत बसावे आणि कोणीही काहीही वाचून दाखवू नये, एवढीच आता त्याची इच्छा होती.

आणि एके दिवशी, सोमवारही नव्हता आणि गुरुवारही नव्हता, तेव्हा दोन्ही वकील एकाच दारातून आत आले.

पंताने चष्मा सारखा केला. "दोघे मिळून आलात. कोणी वारले की काय?"

"आपल्या वयाकडे पाहून आम्हांलाच लाज वाटली," पूर्वघरचा वकील म्हणाला.

"बारा वर्षे तुमच्या गुडघ्याला जिना चढायला लावतो आहोत," पश्चिमघरचा म्हणाला. "आता पुरे, असे ठरवले. हा मसुदा. दोघांच्याही सह्या आहेत."

त्या राज्यात एक जुना रिवाज होता. वादी आणि प्रतिवादी एकमताने मसुदा घेऊन आले, तर त्यावर सुनावणी होत नसे. शिक्का उमटे आणि नियम लागू होई. पूर्वजांनी हा रिवाज शेताच्या बांधांसाठी घातला होता. बांध दोघांचाच असतो. त्या दोघांचे पटले, की तिसऱ्याचा प्रश्नच नसतो. डोंगरभर पसरलेल्या आरशांनाही तोच रिवाज लावावा का, हे कोणी कधी विचारले नव्हते, कारण आजवर ती घरे एकमताने आलीच नव्हती.

कारकून मसुदा वाचू लागला. पश्चिमघर फुकट मनोरे बांधणार नव्हते. पूर्वघर आरसेकारांना मोकळे करणार होते. पंताला वाटले, आपल्या खांद्यांवरून कोणी ओझे उतरवीत आहे. मग अकरावे कलम आले: 'निरोपांच्या गुप्ततेच्या रक्षणार्थ, ज्याचे मनोरे चाळिसांहून कमी आहेत, अशा कोणीही आरसेघरांच्या खुणा वाचू नयेत, व एका घराच्या खुणांतील निरोप दुसऱ्या घराच्या खुणांत उतरवू नये.'

"थांब," पंत म्हणाला. "हे कोणाला लागू पडते?"

"तसे पाहिले तर कोणालाच नाही," पूर्वघरचा वकील म्हणाला.

"मग लिहिले कशाला?"

"मसुदा भरीव दिसावा म्हणून. असेल एखादे किरकोळ कोणी."

पंताची हयात शब्द तोलण्यात गेली होती. 'किरकोळ कोणी' म्हणजे एक माणूस, हे त्याला कळले; आणि ते माणूस कोण, हेही कळले.

कारकून हळूच म्हणाला, "पंत, बेटावरच्या बाईंना बोलावून घेऊ का? दोन दिवस लागतील."

"एकमताच्या कागदाला सुनावणी नसते, कारकून," पश्चिमघरचा वकील हसत म्हणाला. "इतकी वर्षे इथे बसून तुम्हांला आम्ही सांगायचे का?"

रिवाजाप्रमाणे सुनावणी आवश्यक नव्हती. ती निषिद्धही नव्हती. हा भेद पंताला स्वच्छ माहीत होता. पण त्या दोन दिवसांत या दोघांचे पुन्हा बिनसले तर? पुन्हा सोमवार, पुन्हा गुरुवार, पुन्हा तो जिना. त्याला कुरणवाडीची पडवी दिसली. त्याने शिक्का उचलला आणि उमटवला.

आठवड्याने भागाबाई न्यायसभेत आली. शिपायांनी तिचा आरसा गोणपाटात बांधून त्यावर लाख ओतली होती.

"पंत, मी कोणाच्या निरोपात कानामात्रेचाही फरक केला नाही," ती म्हणाली. "कोणाचे गुपित दुसऱ्याला सांगितले नाही. विचारा कोणालाही."

"बाई, कागद दोघांच्या संमतीने झाला."

"दोघांच्या झाला. मला कोणी विचारले नाही."

"तू आधी अर्ज का केला नाहीस?"

"कशाचा अर्ज करू?" भागाबाई म्हणाली. "माझी कोणाविरुद्ध तक्रारच नव्हती."

ती नमस्कार करून निघून गेली आणि बेटावर शेळ्या पाळू लागली.

नदीपलीकडे निरोप धाडायचा, तर लोकांना आता दोन्ही घरांचे गिऱ्हाईक व्हावे लागे आणि मधली नदी स्वतः ओलांडावी लागे. दोन्ही घरांची भरभराट झाली. राजाने पंताची निवृत्ती मंजूर केली; आश्विनात त्याने कारभार सोडायचा ठरले.

भाद्रपदाच्या अखेरीस पूर्वेकडच्या डोंगरात आठ दिवस संततधार लागली. नवव्या दिवशी सकाळी लख्ख ऊन पडले, आणि त्याच उन्हात वरच्या तलावाचा बंधारा तडकला. पूर्वघरच्या निरोप्याने तत्काळ आरसा फिरवला. 'बंधारा फुटतो आहे. काठावरच्यांनी उंचावर जावे.' शिखरामागून शिखर ओलांडीत निरोप नदीपर्यंत आला. पूर्वेची गावे चढावर होती. त्यांना भय नव्हते. भय होते पश्चिमेच्या सखल काठाला. नदीवरचा शेवटचा निरोप्या जीव तोडून आरसा हलवीत राहिला.

पश्चिमघरच्या मनोऱ्यावरून ती तिरीप स्पष्ट दिसत होती. तिथल्या निरोप्याने आपल्या रोजनिशीत लिहिले, 'पूर्वघर सकाळपासून फार चमकत आहे. दसऱ्याच्या सवलतीची जाहिरात असावी.' तो आळशी नव्हता की दुष्टही नव्हता. त्याने शपथ पाळली होती.

भागाबाई शेळ्या सोडीत होती. तिने मान वर केली, आणि वाचायचे नाही असे ठरवण्याआधीच निरोप वाचला. आरशावर लाख होती, आणि तोडायला वेळ नव्हता. तिने होडी सोडली, पश्चिम तीर गाठला आणि काठाकाठाने ओरडत धावली. कुरणवाडी तिने गाठली. हातात येईल ते घेऊन लोक टेकाडावर चढले. कुरणवाडीच्या खाली काठावर आणखी दोन गावे होती. तिथवर तिचे पाय पोचले नाहीत. पाणी पोचले. त्या दोन गावांत सात माणसे गेली.

तिसऱ्या दिवशी पंत कुरणवाडीला पोचला. शेतात गुडघाभर गाळ होता आणि पडवी कुठे होती, ते दाखवावे लागत होते.

"दादा, त्या बाईने हाका मारल्या म्हणून आम्ही उभे आहोत," भाऊ म्हणाला. "एवढी शहाणी बाई, तिने आरशावरून का नाही कळवले? खालचे लोकही वाचले असते."

पंत म्हणाला, "आरसा मी बांधून ठेवला होता."

कारभार सोडायला चार दिवस उरले असताना दोन्ही वकील पुन्हा एकाच दारातून आत आले. येताना जिन्यावर ते एकमेकांवर तोंडसुख घेत होते. पश्चिमघराने निरोप वाचला नाही, पूर्वघराने नदीपलीकडे माणूस पाठवला नाही, असे ते चालले होते. पंतापुढे मात्र त्यांनी एकच कागद ठेवला.

"बेटावरच्या बाईने अकरावे कलम मोडले आहे," पूर्वघरचा वकील म्हणाला. "तिने आमच्या खुणा वाचल्या."

"तिचा हेतू चांगला असेल," पश्चिमघरचा म्हणाला, "पण आज एकीला सूट दिली, की उद्या जो तो वाचू लागेल. तिला बेटावरून हलवावे. आम्हां दोघांचे एकमत आहे. आपण जाता जाता शिक्का तेवढा..."

पंताने कागद शेवटपर्यंत वाचला. भाषा निर्दोष होती. मग त्याने शिक्का उचलला, तो कापडात गुंडाळला आणि पेटीत ठेवला.

"कारकून, दवंडी पिटवा. या कागदावर सुनावणी होईल. अकराव्या कलमावरही होईल. आरसेकारांना बोलवा, निरोप्यांना बोलवा, खालच्या दोन गावांतून जे उरले असतील त्यांना बोलवा."

"पण पंत," पश्चिमघरचा वकील म्हणाला, "आमचे एकमत आहे."

"म्हणून तर ऐकायचे. तुम्ही भांडता, तेव्हा तुमच्यापैकी कोणीतरी माझ्यापुढे खरे बोलत असते. तुमचे पटले, की ते सांगणारे कोणी उरत नाही."

"याला महिने लागतील," पूर्वघरचा वकील म्हणाला. त्याच्या आवाजात खरोखरची कणव होती. "आपली निवृत्ती आश्विनात आहे."

"होती," पंत म्हणाला.

सुनावणी पुढच्या वैशाखापर्यंत चालली. पंत रोज जिना चढे. मधल्या पायरीवर थांबून श्वास घेई आणि पुन्हा चढे. ज्यांना आजवर कोणी बोलावलेच नव्हते, अशी एकशे नऊ माणसे तिथे बोलून गेली. त्यांतली पुष्कळशी आपल्याला काय बोलायचे, हेच आधी जाणत नव्हती. त्यांना शब्द सापडेपर्यंत पंत थांबे. पण पहिल्या दिवशी त्याने सर्वांआधी भागाबाईला पुढे घेतले. ती उभी राहिली होती.

"बस," पंत म्हणाला. "तक्रार नसली तरी चालेल. तू काय करत होतीस, ते सांग. मला घाई नाही."

तात्पर्य एवढेच, की जन्माचे प्रतिस्पर्धी एकमताने दारी येतात, तेव्हा न्याय करणाऱ्याने आधी दाराबाहेर उभ्या असलेल्या तिसऱ्याला आत बोलवावे. आपला थकवा हे त्याला न बोलावण्याचे कारण होऊ शकत नाही.