टिकलीचा लाल मोजा

रेवाच्या घरात होता एक माळा. माळ्यावर होती एक निळी बॅग. आणि बॅगेत राहायची टिकली.

टिकली कोण? उंदीर हो! अंगठ्याएवढी उंदरी. शेपूट मात्र ही एवढी लांब.

टिकलीचं अंथरूण म्हणजे रेवाचा जुना मोजा. लाल लाल, लोकरीचा, मऊ मऊ. रेवा बाळ होती ना, तेव्हाचा. टिकली मोज्यात शिरायची. शेपूट आत ओढायची. की गुडुप झोपायची.

एके दिवशी काय झालं? सकाळी सकाळी टिकली गेली पोळीचा तुकडा आणायला. तुरुतुरु गेली, तुरुतुरु आली. बघते तर काय, माळ्यावर बॅगच नाही!

बॅग होती खाली, पलंगावर. आईने ती खाली काढली होती. फट् फट् झटकली होती. आणि चेन लावून टाकली होती. खर्रर्र!

मोजा आत, टिकली बाहेर. आणि थंडी ही एवढी!

उंदरांची झोपायची वेळ सकाळचीच, बरं का. टिकली उशीवर आडवी झाली. चपलेत शिरून पाहिलं. टोपीत बसून पाहिलं. छे! मोज्याशिवाय कुठली झोप? तुम्हाला येते का तुमच्या पांघरुणाशिवाय? नाही ना? मग!

टिकली गेली तुरुतुरु, तुरुतुरु, बॅगेकडे.

"बॅगताई बॅगताई, उघड ना!
मोजा मिळेना,
टिकलीला झोप येईना!"

बॅग म्हणाली, "मी नाही उघडत. मला जायचंय सहलीला. आईने कपडे आणले, तर उघडेन."

सहलीला? हो तर! रेवाला जायचं होतं गरगरनगरीला. तिथे आहे मोठ्ठा पाळणा, गरगर फिरणारा. तिथे आहे घसरगुंडी, पाण्यात धपकन सोडणारी. तिथे आहे झुकझुक गाडी. रेवा रोज विचारायची, "कधी जायचं?" आणि सगळे रोज म्हणायचे, "बघू हं."

टिकली गेली तुरुतुरु, तुरुतुरु, आईकडे. रेवा आईला आई म्हणे, म्हणून टिकलीही आईच म्हणे.

"आई आई, कपडे आण ना!
बॅग उघडेना,
मोजा मिळेना,
टिकलीला झोप येईना!"

आई म्हणाली, "मी नाही आणत. किती दिवसांचे आणू? बाबांनी हॉटेल ठरवलं, तर आणेन."

टिकली गेली तुरुतुरु, तुरुतुरु, बाबांकडे. बाबा बसले होते फोनमध्ये हॉटेलं बघत. एक हॉटेल फार लांब. एका हॉटेलला जिनेच जिने. आणि एक पिवळं हॉटेल, पाळण्याच्या अगदी समोर.

"बाबा बाबा, हॉटेल ठरवा ना!
आई कपडे आणेना,
बॅग उघडेना,
मोजा मिळेना,
टिकलीला झोप येईना!"

बाबा म्हणाले, "मी नाही ठरवत. आजोबा आले तर खालची खोली घ्यायची, त्यांचे गुडघे दुखतात. नाही आले तर वरची. आजोबा हो म्हणाले, तर ठरवेन."

टिकली गेली तुरुतुरु, तुरुतुरु, आजोबांकडे. आजोबा बसले होते झोपाळ्यावर. करकर, करकर.

"आजोबा आजोबा, हो म्हणा ना!
बाबा हॉटेल ठरवेनात,
आई कपडे आणेना,
बॅग उघडेना,
मोजा मिळेना,
टिकलीला झोप येईना!"

आजोबा म्हणाले, "मी नाही हो म्हणत. मी गेलो तर मनीला दूध कोण देणार? शेजारच्या मालनकाकूंनी मनीला ठेवलं, तर हो म्हणेन."

मनी म्हणजे कोण, ठाऊक आहे? आजोबांची मांजर! नाव ऐकूनच टिकली शहारली. पण मालनकाकू काही मांजर नव्हत्या. म्हणून टिकली गेली तुरुतुरु, तुरुतुरु, मालनकाकूंकडे. काकू बसल्या होत्या मेथी निवडत.

"काकू काकू, मनीला ठेवा ना!
आजोबा हो म्हणेनात,
बाबा हॉटेल ठरवेनात,
आई कपडे आणेना,
बॅग उघडेना,
मोजा मिळेना,
टिकलीला झोप येईना!"

काकू म्हणाल्या, "मी नाही ठेवत बाई! हा बघ माझा हात. दूध द्यायला गेले, तर ओरबाडलं मला. मनी शहाणी झाली, तर ठेवेन."

बघा बाई या मोठ्या माणसांचं! ही थांबली त्यांच्यासाठी, ते थांबले यांच्यासाठी. सगळे आपले बसलेत वाट बघत. आणि घरभर पळतंय कोण? एवढीशी टिकली!

आता जायचं मनीकडे. अरे बापरे!

टिकली एक पाऊल पुढे गेली, दोन पावलं मागे आली. मग तिला आठवला मोजा. लाल लाल, मऊ मऊ. टिकलीने डोळे घट्ट मिटले आणि गेली. या वेळी तुरुतुरु नाही. हळू... हळू... हळू...

मनी बसली होती खिडकीखाली. शेपूट आपटत होती. सप्, सप्!

टिकली लांबच उभी राहिली.

"मनीताई मनीताई, शहाणी हो ना!
काकू तुला ठेवेनात,
आजोबा हो म्हणेनात,
बाबा हॉटेल ठरवेनात,
आई कपडे आणेना,
बॅग उघडेना,
मोजा मिळेना,
टिकलीला झोप येईना!"

मनीने एक डोळा उघडला. "मी नाही शहाणी होत. माझ्या कानात कुसळ रुतलंय. कुणी जवळ आलं की मला भीती वाटते. मग मी फिस्स करते, मग मी ओरबाडते. कुसळ निघालं, तर शहाणी होईन."

"मग सांग की आजोबांना!"

"त्यांची बोटं जाडजूड. एवढ्याशा कानात जाणार कशी?"

टिकलीने विचार केला. बोटं जाडजूड. पण दात? टिकलीचे दात किती बारीक!

"मी काढू?" टिकली म्हणाली. "पण मला खाणार नाहीस ना?"

"कान दुखत असताना कुणी खातं का?"

"आणि बरा झाल्यावर?"

मनीने दुसराही डोळा उघडला. शेपूटही थांबली. मग म्हणाली, "बरा झाल्यावरही नाही. अगदी शप्पथ."

मनीने मान खाली घातली. टिकली कानात डोकावली. आत होतं कुसळ, पिवळं पिवळं, टोकदार. टिकलीने ते दातांत धरलं. एक... दोन... तीन... टुच्!

निघालं कुसळ!

मनीने कान हलवला. फडफड, फडफड. "अय्या, दुखत नाही की!" आणि तिने टिकलीला चाटलं. खरखरीत जिभेने, पण एकदाच.

मनी झाली शहाणी. गेली मालनकाकूंकडे, पायाला अंग घासलं. गुर्रर्र, गुर्रर्र.

काकू म्हणाल्या, "अगं माझी बाय ती! राहा हो माझ्याकडे." काकूंनी मनीला ठेवलं.

आजोबांनी झोपाळा थांबवला. "मग काय, येतो मी! माझी कानटोपी कुठाय?" आजोबा हो म्हणाले.

बाबांनी फोन लावला. "हॅलो, पिवळं हॉटेल का? खालची खोली द्या. पाळण्याकडची. दोन रात्री." बाबांनी हॉटेल ठरवलं.

आईने कपडे आणले. हा एवढा ढीग! बॅग म्हणाली, "आत्ता कसं!" आणि बॅग उघडली. खर्रर्र!

आत काय होतं? लाल लाल, मऊ मऊ. मोजा मिळाला!

टिकलीने उडी मारली, टुण्! मोज्यात शिरली. शेपूट आत ओढली. आणि टिकलीला?

झोप आली! सकाळपासून पळत होती बिचारी. मोज्यात गेली आणि गुडुप झाली.

आईने भरभर बॅग भरली. रेवाचा झगा, बाबांचे शर्ट, आजोबांची कानटोपी, लाडवांचा डबा. गडबड किती ती! मोज्याकडे लक्ष कुणाचं?

रेवाचं होतं. मोज्यातून शेपटीचं टोक डोकावत होतं. रेवाने ते पाहिलं आणि हळूच हसली.

"आई, चेन मी लावते," रेवा म्हणाली. खर्रर्र... आणि थांबली. एका कोपऱ्यात बोटाएवढी फट ठेवली. टिकलीला वारा नको का?

मनीला सगळे म्हणाले, "येतो हं!" मनी म्हणाली, "म्याऊ." गाडी निघाली, घुर्रर्र. डोंगर गेला, नदी गेली, गाव गेलं. टिकली आपली झोपलेलीच.

ती जागी झाली संध्याकाळी. कान टवकारले. नाक फुरफुरवलं. हे कुठलं घर? माळा नाही, झोपाळा नाही. एक मोठी खिडकी. ही तर पिवळ्या हॉटेलातली खालची खोली!

रेवाने मोजा अलगद उचलला आणि खिडकीत ठेवला. "टिकली, तो बघ पाळणा!"

खिडकीबाहेर होता पाळणा. मोठ्ठा, उंच, दिव्यांचा. लाल दिवे, पिवळे दिवे. गरगर, गरगर. टिकलीने एवढं मोठं काही कधी पाहिलंच नव्हतं. तिचे डोळे झाले बटणाएवढे.

"रेवा रेवा, उद्या मी पण?"

"तू पण! माझ्या खिशात. तू घरभर पळालीस, म्हणून तर आपण आलो."

आजोबा पलंगावरून म्हणाले, "झोपा ग पोरींनो आता."

पोरींनो! एक पोर रेवा, आणि दुसरी? आजोबा भिंतीकडे तोंड करून हसत होते. टिकलीही सोबत आलीय, हे त्यांना ठाऊक होतं तर!

रेवा पांघरुणात शिरली. टिकली मोज्यात शिरली. मोजा मऊ होता, मोजा गरम होता. शेपूटही आत होती.

तरी काय झालं, सांगा बघू?

मनी शहाणी झाली,
काकूंनी मनीला ठेवलं,
आजोबा हो म्हणाले,
बाबांनी हॉटेल ठरवलं,
आईने कपडे आणले,
बॅग उघडली,
मोजा मिळाला...
तरी टिकलीला झोप येईना!

आनंद झाला होता ना, म्हणून. आणि रेवालाही येईना.

दोघी बघत राहिल्या खिडकीतून. गरगर... गरगर... हळू... हळू...

पाळणा गेला वर, पाळणा आला खाली,
टिकलीची आपल्या गोष्ट पुरी झाली.