खराटा कड्यापर्यंत का जातो

पाहुणे, देवीची शपथ, ही गोष्ट अक्षरन् अक्षर खरी आहे. आमच्या पणजोबांनी डोळ्यांनी पाहिली. म्हणजे तेव्हा ते पाळण्यात होते, आणि पाळणा दुसऱ्या गावात.

समोरचा हा उतरता कातळ म्हणजे हिरडवाडीच्या गोटा-खराटा मंडळाचं मैदान. झऱ्याचं पाणी पसरून शेवाळ धरतं, आणि खाली एकदम कडा. जुन्या जात्याची वरची तळी, म्हणजे वरचा दगड, खुंट्याला धरून इथून सोडायची; ज्याचा दगड कड्याच्या जास्तीत जास्त जवळ थांबेल तो जिंकला. दगडापुढे दोघं खराट्याने झाडत पळतात. टीव्हीवर बर्फातला असाच खेळ दाखवतात, पण ते लोक दगड लांब जावा म्हणून झाडतात. आम्ही थांबावा म्हणून. शेवाळ निघालं की कातळ दगडाला धरतो.

असं सांगतात, ठकूबाईचा नवरा रावजी इथूनच घसरून गेला. तेरावं झालं तरी ती रडली नाही. ताट पुढे ठेवलं की बघत बसायची. पायावर निखारा पडला, तो म्हणे दुसऱ्यांनी सांगितल्यावर झटकला. मग एका सकाळी जात्याची वरची तळी डोक्यावर घेऊन ती इथे आली. मागोमाग गाव. देवीला म्हणाली, "हा जाईल तिथं मी. थांबला तर राहीन."

नवसाच्या दगडाला हात लावायचा नाही, ही इथली रीत. माणसं नुसती उभी राहिली. तिने दगड सोडला.

शेजारच्याच घरात दिलेली तिची नणंद भागी अंगण झाडता झाडता तशीच धावत आली होती. खराटा घेऊन ती दगडापुढे शिरली.

"भागे, हात लावू नको," कुणीतरी ओरडलं.

"लावत नाही. झाडतेय. झाडायला बंदी आहे का?"

दगड मंदावला, डगमगला आणि कड्यापासून वीतभर अलीकडे थांबला. ठकूबाई घरी गेली. तिला पुढे बरं वाटलं का, ते कुणी सांगत नाही. ती दळत राहिली, एवढंच.

आजही त्या तिथीला सामना होतो. टाळ्या वाजवत नाहीत. शेवटचा दगड कुठेही थांबो, खराटेवाले थांबत नाहीत. मोकळा कातळ झाडत कड्यापर्यंत जातात.

दगड थांबल्यावर झाडायचं कशाला, हे तुमच्या तोंडावर दिसतंय. शपथ घेतलीय, म्हणून सांगतो. दगड थांबला हे माझ्या पदरचं. तो गेला खाली. भागीला ते कळलंच नाही, की कळून घ्यायचं नव्हतं, कोण जाणे. ती वाकून झाडतच राहिली, पार कड्याच्या टोकाशी. ठकूबाई दगडामागे जायला निघाली होती. ती तिथवर पोचली आणि तिने भागीचा पदर धरला.

"पुरे, भागे. पडशील. चल, दळण राहिलंय. तुझ्या जात्यावर दळू."