करंजाखालची जागा

थीम पार्कला लागून तंबूंचं मैदान होतं. तिथले मॅनेजर रणदिवे यांना 'जागा बदलून द्या' हे शब्द सहन होत नसत. एप्रिलच्या भर दुपारी कुंदा पोतनीस दोन मुलं आणि ऐंशी वर्षांच्या सासऱ्यांना घेऊन आली, तर वाट्याला सात नंबरची जागा. आसपास एक झुडूपसुद्धा नाही.

"अप्पांना ऊन सोसत नाही हो. सावलीतली जागा मिळेल का?"

"बाई, इथल्या सगळ्या जागा सारख्याच," रणदिवे म्हणाले. "ऊन-सावली हे मनाचे खेळ असतात."

कुंदाने मैदानावरून नजर फिरवली. डेरेदार करंजाखाली रणदिव्यांची नवीकोरी गाडी उभी होती.

"मग तुमची गाडी सातवर लावा. आम्ही करंजाखाली तंबू ठोकतो."

"अहो, तिथं उन्हानं गाडीचा रंग उडेल," रणदिवे बोलून गेले. मागे रांगेतले लोक ऐकतच होते.

कुंदा शांतपणे सासऱ्यांकडे वळली. "अप्पा, सातवर गाडीच्या पत्र्याला ऊन बाधतं म्हणे. तुम्हाला बाधलं, तर मात्र तो मनाचा खेळ समजायचा."

रणदिव्यांनी खिशातून गाडीची किल्ली काढली.