येसूची झोप

फार पूर्वी, नदीकाठच्या एका गावात एक कुंभार आणि कुंभारीण राहत होते. कुंभाराचं नाव धोंडू, कुंभारणीचं गोजरा. लग्नाला बरीच वर्षं झाली तरी घरात पाळणा हलला नव्हता. मग उशिरा का होईना, त्यांना मुलगी झाली. तिचं नाव ठेवलं येसू.

इतकी वाट पाहून आलेली लेक. गोजराला तिला खाली ठेववत नसे. येसू जरा कुठे चुळबुळली, झोपेत नुसतं हुं केलं, की गोजरानं तिला उचललंच. मांडीवर घेऊन डोलवायचं, खांद्यावर टाकून अंगणात फेऱ्या घालायच्या. होता होता येसूला तीच सवय जडली. मांडीवर ती गाढ झोपे आणि पाळण्यात पाठ टेकली की टक्क डोळे उघडे.

पहिल्या पहिल्यांदा सगळ्याचं कौतुक वाटलं. पण महिने सरले तसे गोजराचे डोळे खोल गेले. भाकरी तव्यावर करपू लागली. एकदा तर मडकी भाजायचा आवा पेटलेला असताना, येसूला मांडीवर घेऊन बसल्या बसल्या तिचा डोळा लागला. मूल घसरलं. धोंडूनं झेप घेऊन धरलं म्हणून बरं, नाहीतर निखारे हातभरावरच होते.

धोंडू रागावला नाही. येसूला छातीशी धरून तो आव्यापासून लांब जाऊन बसला. मग म्हणाला, "असं किती दिवस चालायचं गं?"

"मला काय विचारता? तिलाच विचारा," गोजरा म्हणाली आणि रडू लागली.

शेजारी एक तेलीण राहत होती. तिला सगळे हौसाक्का म्हणत. तिला येसूच्याच वयाचा मुलगा होता, बाप्या. पण हौसाक्काच्या घरातून रडण्याचा आवाज कधी येत नसे. गोजरानं तिला विचारलं तेव्हा हौसाक्का हळूच म्हणाली, "बाजारात एक जण बाळगोळी विकतो. अफूची असते. दुधात उगाळून चाटवायची, की पोर सकाळपर्यंत हलत नाही. दुपारी ये, तुला देते चार."

गोजराचं मन कचरलं. पण अंगात त्राण उरलं नव्हतं. दुपारी येसूला धोंडूकडे देऊन ती शेजारी गेली.

बाप्या पाळण्यात निजला होता. हौसाक्का फडताळातून डबी काढत होती. इतक्यात रस्त्यानं एका लग्नाची वरात आली. ढोल, ताशे, शिंगं. दाराची कडीसुद्धा थरथरू लागली. बाप्या मात्र हलला नाही. एक माशी उडत आली आणि त्याच्या पापणीवर बसली. तिथून ती नाकावर गेली, नाकावरून ओठावर. बाप्यानं ना मान वळवली, ना हात झटकला.

गोजरा त्या माशीकडे बघत राहिली. 

"अक्का, किती गोळ्या दिल्यास याला?"

"एकच देत होते. अलीकडे एकीनं झोपेना, म्हणून आज दोन दिल्या."

"त्याला उठव."

"कशाला? मुश्किलीनं तर..."

"अक्का, त्याला उठव."

हौसाक्कानं हाक मारली. पाळणा हलवला. बाप्याला उचललं तर त्याची मान भिजल्या फडक्यासारखी लोंबली. हौसाक्काच्या हातातली डबी खाली पडली.

मग दोघींची धांदल उडाली. एकीनं तळपाय चोळले, दुसरीनं तोंडावरून गार पाण्याचं फडकं फिरवलं. त्याला उभं धरलं, त्याच्या नावानं हाका मारल्या. वरात लांब गेली, ढोल ऐकू येईनासे झाले, तरी बाप्याचे डोळे मिटलेलेच. हौसाक्काला धड रडताही येत नव्हतं. शेवटी त्याच्या ओठांचा चंबू झाला, कपाळावर आठी पडली आणि बाप्यानं भोकाड पसरलं.

तेव्हा कुठे हौसाक्कानं त्याला छातीशी घट्ट धरलं. "मी सगळ्यांना सांगायचे, गोळीनं पोराला झोप लागते," ती म्हणाली. "झोप मलाच हवी होती गं."

"मलाही तीच हवी होती. म्हणून तर आले," गोजरा म्हणाली. तिनं मैत्रिणीला एका शब्दानं बोल लावला नाही. दोघींनी मिळून त्या गोळ्या चुलीत टाकल्या.

पण गोळ्या जळल्या म्हणून येसू झोपू लागली असं नाही. घरी तेच जागरण, तेच डोलवणं.

एके दिवशी गोजरा माती मळत होती. त्याआधी मांडीवर झोपलेल्या येसूला धोंडूनं हलकेच पाळण्यात नेऊन ठेवलं होतं, आणि या वेळी नवल म्हणजे ती जागी झाली नव्हती. थोड्या वेळानं ती कुरकुरली. गोजरा लगबगीनं उठली, पण हात कोपरापर्यंत मातीनं भरलेले. ते धुवायला ती रांजणाशी गेली. हात धुऊन येते तर आवाज थांबलेला. येसूनं स्वतःची मूठ गालाशी घेतली होती आणि ती पुन्हा झोपली होती.

गोजरा पाळण्याशी उभी राहिली. ती धोंडूला म्हणाली, "अहो, ही रडत नव्हतीच. झोपेत कूस बदलताना बोलत होती. आणि मी मात्र दर वेळी हिला उचलून जागी करत आले."

त्या दिवसापासून दोघांनी घराची रीत बदलली. दिवेलागणीला धोंडू येसूला उडवून खिदळवायचा, ते त्यानं सकाळवर नेलं. संध्याकाळी तेल लावून कोमट पाण्यानं अंघोळ, मग पोटभर दूध, मंद दिवा आणि रोज एकच अंगाई. डोळे जड झाले की, पण मिटायच्या आधी, येसूला पाळण्यात ठेवायचं. कुरकुरली तर क्षणभर कान द्यायचा. खरंच रडली, भुकेली असली, तर जवळ घ्यायचं, शांत करायचं आणि पुन्हा पाळण्यात ठेवायचं.

सोपं नव्हतं. सुरुवातीला येसूनं घर डोक्यावर घेतलं. गोजराचा जीव तुटे, पण ती पाळणा सोडून कुठे गेली नाही. येसूच्या पोटावर हात ठेवून तिथेच बसली. ती थकली की धोंडू बसे. तिकडे गोळीविना बाप्याही फार किरकिरला. मग गोजरा दिवसा त्याला सांभाळी आणि हौसाक्का तासभर पाठ टेके. दुसऱ्या दिवशी हौसाक्का तिच्यासाठी तेच करी.

हळूहळू येसूचं रडणं ओसरलं. पोटावरचा हात आधी हलका झाला, मग नुसता पाळण्याच्या दोरीवर राहिला. पुढे तोही लागेना.

आणि एक दिवस गोजराला जाग आली ती तोंडावर ऊन आल्यामुळे. ती दचकून उठली. रात्री एकदाही हाक आली नव्हती. धावत पाळण्याशी गेली तर येसू जागीच होती. स्वतःच्या पायाचा अंगठा दोन्ही हातांत धरून त्याच्याशी काहीतरी गुजगोष्ट करत होती. आईला बघून तिनं अंगठा सोडला आणि दोन्ही हात वर केले.

गोजरानं तिला उचललं. किती दिवसांनी तिच्या हातांत जोर होता.

तात्पर्य: गोळीनं मूल नुसतं गप्प होतं. झोप त्याला शिकावी लागते, आणि शिकेपर्यंत कुणीतरी धीरानं त्याच्याजवळ बसावं लागतं.