हौसाअक्काने न दिलेले मत

सकाळचे सव्वाअकरा. एका गावातली जिल्हा परिषदेची शाळा, त्या दिवसापुरती मतदान केंद्र. ग्रामपंचायतीची निवडणूक होती आणि रांगेत खाणवस्तीतली हौसाअक्का धोत्रे उभी होती.

दगड फोडणाऱ्यांची ही वस्ती गावाला लागूनच होती, पण गावाच्या हिशेबात नव्हती. आज इथे, उद्या तिथे असणाऱ्यांची नावे कशाला नोंदवायची, असे गाव म्हणे. हौसाअक्का दिवसभर खडी फोडायची आणि संध्याकाळी घरोघर जाऊन लोकांना मतदार यादीत नाव घालायला लावायची. कोणाला फोटो काढायला तालुक्याला नेई, कोणाच्या दाखल्यासाठी तलाठ्याच्या दारात बसून राही. मानधन नाही, सत्कार नाही. वस्तीची नावे यादीत आली ती तिच्यामुळे.

सर्वांत जास्त तिने पिडले ते शेवंता कुसाळकरला. शेवंता पन्नाशीची, तोंडाने फटकळ.

"मत दिल्यानं दगड मऊ होतो का गं?" ती विचारायची.

"दगड न्हाई होत. पुढारी होतो," अक्का म्हणायची.

शेवटी कंटाळून शेवंताने अर्ज भरला. तिचे नाव आले. पण निवडणूक लागली तेव्हा ती विहीर खोदायच्या कामावर लांब गेली होती. "मतदानाला येते," असा तिने निरोप धाडला होता. वस्तीत तो कोणी खरा मानला नाही.

अक्काची पाळी आली. केंद्राध्यक्ष एक मास्तर होते. त्यांनी यादीवर बोट फिरवले आणि ते अडखळले.

"आजी, तुमचं नाव काढलंय. यादीत तुम्ही मयत आहात."

"मग मयताला इतका वेळ उन्हात का उभं केलंत, गुरुजी?"

रांग हसली. मग भडकली.

"अक्काला मत न्हाई, तर आमाला बी नको!" लोक रांग सोडू लागले.

"येड्यांनो!" अक्का ओरडली. "ज्यानं मला कागदावर मारलं त्याला हेच पायजे. एकीला मारायचं आन् समदी वस्ती घरी बसवायची. चला, व्हा आत!"

लोक आत गेले. अक्का शाळेच्या कट्ट्यावर बसून राहिली.

दुपारी दोन्ही पॅनेलची माणसे तिच्याकडे आली. त्या दिवशी त्यांची एवढ्या एकाच गोष्टीवर एकी झाली होती.

"अक्का, शेवंताचं नाव हाय. ती काय आता येत न्हाई. तिच्या नावावर तुमी टाका. आमची कुणाची हरकत न्हाई."

"आन् फोटो?"

"यादीतल्या फोटोत कोण कुणाला वळखतंय? आमच्या घरची माणसं बी तशीच दिसत्यात."

मास्तर खिडकीपाशी उभे राहून ऐकत होते. त्यांनी पाठ फिरवली. तेवढी संमती पुरेशी होती.

मोह लहान नव्हता. जिने सगळ्या वस्तीच्या बोटाला शाई लावून दिली, तिचेच बोट कोरडे होते. अक्काने ते पाहिले. मग ती म्हणाली, "त्यानं जित्या बाईला मेली म्हणून लिवलं. आता मी येणारीला आली न्हाई म्हणू? मग त्याच्यात आन् माझ्यात फरक काय ऱ्हायला?"

"अवो, ती येतीय कुठली!"

"येते म्हणलीय."

मतदान संपायला थोडा वेळ उरला असताना शाळेपुढे एक ट्रॅक्टर थांबला. मागून शेवंता उतरली, डोक्यापासून पायापर्यंत मुरमाच्या धुळीने माखलेली.

"संपलं न्हाई ना गं? मुकादमाशी भांडून आले. तुझ्या नादानं आजचा रोज बुडाला."

अक्काने शेवंताला हाताला धरून दारापर्यंत नेले. शेवंता आयुष्यात पहिल्यांदा मत देऊन बाहेर आली आणि तिने बोट अक्कापुढे नाचवले. "आता तुझं दाव की." अक्काने हात पदराआड नेला.

दुसऱ्या दिवशी अक्काने स्वतःसाठी नवा अर्ज भरला. नाव परत आले. पण पुढची निवडणूक यायच्या आत ती गेली.

पूर्वी गाडीची काचही खाली न करणारे पुढारी आता खाणवस्तीत उतरतात, ओट्यावर टेकतात, पाण्याच्या नळाचे काय झाले ते ऐकून घेतात. वस्तीतले लोक त्यांना चहा देतात आणि आठवण करून देतात, की हा मान हौसाअक्काने मिळवून दिला. तिच्या माघारी नाव नोंदवायचे काम शेवंता करते. अक्काचे नाव यादीतून काढण्याचा अर्जही तिनेच केला. मृत्यूचा दाखला जोडला, खरी तारीख घातली आणि खाली स्वतःचे नाव लिहिले.

तात्पर्य: दुसऱ्याचा हक्क रिकामा पडलेला दिसला, तरी तो आपला होत नाही, त्याचा धनी वाटेत असेल. आणि जो सरळ काम करतो, तो त्याखाली आपले नाव लिहितो. हौसाअक्का जिवंत असताना ती मेल्याचा अर्ज कोणी केला होता, हे वस्तीने कचेरीला लेखी विचारले आहे. उत्तर अजून आलेले नाही.