खार आणि सीतेच्या वेणीची रोपे

डोंगराच्या कुशीत एक दाट रान होते. त्या रानातल्या ऐनाच्या झाडावर एक खार नुकतीच राहायला आली होती. तिचे जुने जांभळाचे झाड वळवाच्या वादळात मुळासकट उन्मळून पडले होते. घरटे काय, चार काड्या गोळा करून पुन्हा बांधता आले. पण जुन्या झाडावर सीतेची वेणी होती, तिचे काय करणार? मुलांनो, सीतेची वेणी म्हणजे झाडाच्या सालीला बिलगून वाढणारे ऑर्किड. मातीला तिचा पाय कधी लागत नाही. वैशाख सरत आला की तिला गुलाबी फुलांचे लांब घोस लोंबू लागत, शिंजीर पक्षी दिवसभर भोवती भिरभिरत आणि खार घरट्याच्या तोंडाशी बसून बघत राही. झाड पडले आणि वेणी त्याखाली चिरडली गेली. वेणीवाचून ऐनाचे झाड अगदी उघडेबोडके दिसे. खारीला तिथे करमेना.

पलीकडच्या आंब्यावर एक म्हातारी घोरपड राहत असे. त्या आंब्याची फांदी न् फांदी ऑर्किडांनी भरलेली. खार तिच्याकडे गेली आणि म्हणाली, "घोरपडआजी, मला माझ्या झाडावर सीतेची वेणी लावायची आहे."

घोरपडीने एक डोळा उघडला. "आधी कधी लावली आहेस का गं?"

"नाही. जांभळावरची आपोआप आलेली होती."

"मग हा ठोंब ने." आजीने शेपटीने एका मोडक्या फांदीकडे बोट दाखवावे तसे दाखवले. फांदीवर चामड्यासारख्या जाड पानांचा एक जून ठोंब होता. मुळे वेडीवाकडी, फूल एकही नाही. "दिसायला काही नाही, पण पहिल्यांदा हाच बरा."

खारीने नाक मुरडले. 'म्हातारीला नको झालेले माझ्या गळ्यात मारते आहे,' असे तिला वाटले. "बघते हं आजी," म्हणून ती निघाली.

वाटेत तिला एक माकड भेटले. त्याच्या पुढ्यात पळसाच्या पानावर नखाएवढी इवली इवली हिरवी रोपे मांडलेली होती. "खारताई, जून ठोंब कशाला घेता?" माकड म्हणाले. "एक मेला की सगळे संपले! ही बघा, सीतेच्या वेणीची पानभर रोपे. ही फुलली की अख्खे झाड गुलाबी होईल. बदल्यात तुमच्या घरट्यातल्या फणसाच्या आठळ्या द्या, म्हणजे झाले."

"सगळ्या?" खार दचकली. त्या आठळ्या तिने पावसाळ्यासाठी साठवल्या होत्या.

"मी तरी रोपे कुठे मोजून देतो आहे?" माकड हसले.

खारीच्या डोळ्यांपुढे गुलाबी झाड उभे राहिले. पावसाळ्यात खायचे काय, हा विचार तिने शेपटीने झटकून टाकला आणि सौदा करून टाकला.

खारीने रोपांवर जीव लावला, यात शंका नाही. एकेक रोप तिने ऐनाच्या सालीला धाग्याने बांधले. त्यांना गारवा मिळावा म्हणून भोवती ओल्या शेवाळाची जाड दुलई गुंडाळली. मग पाऊस कोसळू लागला. दुलईच्या आत मुळे दिवसरात्र भिजत राहिली आणि श्रावणात एकेक पान काळे पडून हात लावताच गळू लागले. घाबरून खारीने शेवाळ काढून टाकले आणि उरलेली रोपे झाडाच्या शेंड्यावर, भरपूर उजेडात नेऊन बांधली. पाऊस ओसरला, आश्विनातले ऊन तापले, तशी तीही करपली. इकडे घरट्यात एकही आठळी नव्हती. बिचारी भर पावसात निसरड्या फांद्यांवरून कोंब आणि साली शोधत हिंडली होती. तिच्या फासळ्या दिसू लागल्या होत्या. शेवटी दोनच रोपे उरली, आणि तीही आणली तेव्हा होती तेवढीच.

खार तरातरा माकडाकडे गेली. "तू मला फसवलेस!"

"रोपे दिली तेव्हा जिवंत होती की मेलेली?" माकडाने शांतपणे विचारले.

"जिवंत होती."

"मग झाले तर! मी रोपे दिली. ती जगतील असे मी कुठे म्हणालो होतो?" आणि माकड टुणकन उडी मारून दिसेनासे झाले.

खारीला रडू कोसळले. घोरपडीला तोंड दाखवायची तिला लाज वाटत होती. पण उरलेली दोन रोपेही आपल्या हातून जातील, या भीतीने खार ती घेऊन आंब्यावर गेलीच. "आजी, माझ्या हाताला गुण नाही. ही दोन तरी तुमच्या झाडावर ठेवून घ्या."

घोरपडीने रोपे निरखून पाहिली. "हाताला गुण नसता तर ही दोन तरी जगली असती का? अगं, रोप लहान आणि तूही नवखी. लहानाला एक चूक पुरते, आणि नवख्याच्या हातून तर दहा होतात. जून ठोंबाचे तसे नसते. तू चुकलीस तर तो रुसेल, पण मरायचा नाही. आणि तो रुसला की आपले काय चुकले ते कळते."

"आता तो मला द्याल?"

"ने की. रोपे मी सांभाळते, ठोंब तू सांभाळ. त्याला काय हवे-नको ते मला न विचारता कळू लागले की रोपे घेऊन जा."

"पण बदल्यात द्यायला माझ्याकडे काहीच नाही."

"अधूनमधून गप्पा मारायला येत जा," घोरपड म्हणाली. "म्हातारीकडे कोण फिरकते?"

ठोंब ऐनावर आला. खार चुकत गेली, ठोंब रुसत गेला आणि खार शिकत गेली. पाने पिवळी पडली, तेव्हा तिने त्याला पानांच्या सावलीत आणले. मुळे पांढुरकी दिसली की तहान लागली आहे आणि हिरवी झाली की पुरे झाले, हे तिच्या ध्यानात आले. सगळ्यांत अवघड होते ते उगाच हात न लावता स्वस्थ बसणे. तेही तिला हळूहळू जमले. वैशाखात ठोंबाला फुलांचा घोस आला आणि एक शिंजीर येऊन त्याला लोंबकळला.

खार धावत घोरपडीकडे गेली. पण तिथे एकच रोप होते. "दुसरे कुठे आहे?"

"गेले," घोरपड म्हणाली. "माझ्याही हातून जातात गं. लहानांचे असेच असते. म्हणून काय वाढवायचेच नाही?"

खारीने उरलेले रोप ऐनावर नेले. या वेळी दुलई नाही की घाई नाही. कितीतरी वैशाख नुसत्या पानांवर गेले. मग एका सकाळी पानांच्या बेचक्यातून एक हिरवे टोक डोकावले. खारीला वाटले, मूळ असेल. पण मूळ खाली सालीकडे वळते, आणि हे तर उजेडाकडे निघाले होते! पुढे त्यावर गुलाबी कळ्या दिसू लागल्या.

बातमी ऐकून म्हातारी घोरपड आंब्यावरून उतरली, थांबत थांबत ऐनावर चढली आणि धापा टाकत खारीशेजारी बसली. घोस आखूडच होता; बोटावर मोजावीत एवढीच फुले.

"आजी, ही वेणी नखाएवढी होती तेव्हापासून मी वाढवली," खार म्हणाली.

"ठाऊक आहे गं बाई," घोरपड हसली. "सकाळपासून सगळ्या रानाला सांगते आहेस. आता जरा गप्प बस आणि मला बघू दे."

तात्पर्य : नवख्याने आरंभ अशा रोपापासून करावा, जे त्याच्या चुका सोसून उभे राहील; नाजूक रोपे वाढवायचे धाडस जरूर करावे, पण हात तयार झाल्यावर.