बीखाऊंची वाडी

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी म्हणाल, तर तेव्हा खारी माणसांशी बोलायच्या आणि माणसंही हातातलं काम ठेवून ऐकायची. आता ऐकायला वेळ आहे कुणाला! पण बाळांनो, आणि बाळांच्या आजोबांनो, तुम्ही तरी नीट बसून ऐका.

एका नदीच्या काठी एक गाव होतं आणि एक वाडी होती. गाव वरच्या अंगाला, काळ्याभोर मातीत. वाडी खालच्या अंगाला, उघड्या खडकावर. गावाचे लाल भोपळे साऱ्या राज्यात गाजलेले. भोपळा असा की दोघांनी मिठी मारली तरी हाताला हात लागू नये. दर आश्विनात गावचे बयाजी पाटील सगळ्यांत मोठा भोपळा बैलगाडीत घालून नदीपलीकडच्या किल्ल्यावर न्यायचे आणि राणीसाहेबांच्या हातून मानाचं निशाण घेऊन यायचे. ते निशाण वर्षभर त्यांच्या दारावर फडकायचं.

वाडीत पाथरवट राहायचे. दळणाची जाती घडवायची, पाटे-वरवंटे घडवायचे आणि बदल्यात लोक देतील ते धान्य घ्यायचं. या वाडीची म्होरकी होती चिमाक्का. केस पांढरे झालेले, पण पाठ जात्याच्या खुंट्यासारखी ताठ. तिला कुणी ‘बिचारी’ म्हटलेलं खपायचं नाही. “बिचारी कोण गं? मी? अगं, तू रोज दळतेस ते जातं माझ्या हातचं आहे!” असं ती तोंडावर सुनवायची.

आता गावाची खोड सांगतो. आपल्या भोपळ्याचं बी दुसऱ्या कुणाच्या हाती लागू नये म्हणून गावाचा जीव सदा टांगणीला. बी गेलं की भोपळा गेला, आणि भोपळा गेला की मान गेला! म्हणून त्यांनी रीतच पाडली होती. कुणाच्याही घरी भोपळा चिरला की बी पाटलांच्या अंगणात आणून टाकायचं. त्यातलं मूठभर टपोरं बी पाटील पेरणीसाठी ठेवायचे आणि उरलेलं टोपल्या भरभरून नदीत ओतायचे. पुढे तर वाडीचा खडक आणि मग समुद्र. तिथं काय उगवणार, कप्पाळ!

पोरांनी बी तोंडात टाकू नये म्हणून त्यांना सांगून ठेवलेलं, “बी गिळलंत तर पोटात वेल उगवेल आणि कानांतून पानं बाहेर येतील.” पोरं घाबरायची. पुढे ती पोरं मोठी झाली, म्हातारी झाली, तरी घाबरतच राहिली. वय वाढलं म्हणून शहाणपण वाढतंच असं नाही.

एका साली धान्य आखडलं. वाडीत भाकरीचे तुकडे वाटून खायची पाळी आली. चिमाक्काची सून रखमा तेव्हा गरोदर होती. हातोडा उचलला की तिला घेरी यायची. ओठ पांढरे, नखं पांढरी. चिमाक्का स्वतःची भाकरी तिच्या ताटात सरकवायची आणि “मला भूक नाही” म्हणायची. पण एका म्हातारीच्या अर्ध्या भाकरीनं दोन जीव कसे तगणार?

एका सकाळी ती नदीवर गेली. खडकाच्या कपारीत गावाचं बी येऊन साचलं होतं आणि एक खार पुढच्या पायांत बी धरून टरफल सोलत बसली होती. चांगली गुबगुबीत, चकचकीत खार!

“काय खातेस गं एवढं चवीनं?” चिमाक्कानं विचारलं.

“पाटलांची श्रीमंती,” खार म्हणाली.

“त्यात काय असतंय? नुसतं टरफल.”

“शहाणीच आहेस! अगं, अख्खा वेल या एवढ्याशा बियात झोपलेला असतो. मातीत पडल्यावर मूळ धरेपर्यंत त्यानं खायचं काय? म्हणून त्याची आई त्याला शिदोरी बांधून देते. तेल देते, बळ देते, रक्ताला लागेल ते देते. गर म्हणजे नुसता पाळणा बाई, बाळ आत आहे. तुमचे पाटील बाळ फेकून देतात आणि पाळणा मिरवत नेतात!”

खार खरंच बोलली का, असं मला विचारू नका. चिमाक्का खोटं बोलणाऱ्यातली नव्हती, एवढं मला ठाऊक आहे.

त्या दिवसापासून वाडीच्या बाया जुनी लुगडी प्रवाहात आडवी धरून बी गाळू लागल्या. धुवायचं, तापलेल्या खडकावर वाळवायचं, खापरावर मीठ लावून भाजायचं. सोललेला मगज कधी लसूण-मिरची घालून चटणीत कुटायचा, कधी गूळ घालून लाडू वळायचे. भाकरी, भाजीपाला होता तो होताच. त्याच्या जोडीला माणशी एक मूठ बी. त्याहून जास्त कुणी मागितलं की चिमाक्का हातावर फटका मारायची. “पोट आहे की पोतं? गुणाचं झालं म्हणून ढिगानं खायचं नसतं!”

एका रात्रीत काही झालं नाही हं. औषध नव्हे ते, अन्न होतं, आणि अन्न आपल्या चालीनं चालतं. पण हळूहळू रखमाच्या ओठांवर लाली आली. तिला बाळसेदार मुलगी झाली. पोरांच्या पोटाचे नगारे उतरले. दिवसभर दगड फोडून आलेली माणसं संध्याकाळी गाणी म्हणू लागली. वर्षं सरली, तशी वाडीची माणसं कशी दिसू लागली म्हणता? अहो, घडवलेल्या दगडासारखी! सांगताना माझीच छाती फुगते.

गावाला हे कळायला वेळ लागला नाही. गावकरी वाडीच्या लोकांना ‘बीखाऊ’ म्हणून चिडवू लागले. “आले बघा बीखाऊ! आमचं उष्टं खाणारे!” रखमा एकदा डोळे पुसत घरी आली. चिमाक्का म्हणाली, “रडतेस कशाला? त्यांनी टाकलं ही त्यांची अक्कल. आपण उचललं ही आपली. यात लाज कुणाची, ते तूच ठरव.”

पण बयाजी पाटलांची झोप उडाली. आज खातात, उद्या विकतील, परवा कुणीतरी पेरील! त्यांनी सरळ किल्ल्यावर फिर्याद नेली. वाडी आमचं बी चोरते, तिला नदीकाठावरून उठवा. राणीसाहेबांनी सांगितलं, “आश्विनात भोपळा घेऊन याल, त्याच दिवशी निवाडा करू. वाडीलाही बोलवा.”

वाडीच्या काळजात धस्स झालं. नदीकाठ गेला तर दगड गेला, दगड गेला तर पोट गेलं. जायचं कुठं? चिमाक्का मात्र कुणासमोर डोळ्यांतून टिपूस काढेना. एकटी असली की ती घरामागच्या खडकावर हात फिरवायची. तिच्या आजीनं पहिलं जातं तिथंच काढलं होतं.

इकडे पाटलांनी त्या वर्षी नवीच अक्कल लढवली. आजवर ते किल्ल्याच्या मुदपाकखान्यातून बी मागून परत आणायचे. या खेपेला त्यांनी भोपळा तोडल्याबरोबर देठाशी भोक पाडलं, आतलं सगळं बी कोरून काढलं आणि भोक मेणानं बुजवलं. वर झेंडूच्या माळा घातल्या, उदबत्त्या लावल्या आणि भोपळा आठवडाभर मांडवात मिरवला. आश्विनातलं ऊन, कोरलेला भोपळा. काय होणार ते तुम्हीच ओळखा.

निवाड्याच्या सकाळी गाव आणि वाडी एकाच वाटेनं निघाले. पुढे पाटलांची गाडी, मागे वाडीची माणसं. नदी ओलांडताना उथळ पाण्यात गाडीचं चाक रेतीत रुतलं. गावकरी रेटू लागले, पण वर्षभर वेलाची राखण करत बसलेली आणि घारग्यांवर घारगे हाणलेली माणसं ती! दोनदा जोर लावला की धापा टाकायची. चाक रुतत चाललं, पाणी गाडीच्या तळाला लागलं.

“बरं झालं,” रखमा हळूच म्हणाली. “जाऊ दे वाहून. त्यांचं बी वाहत गेलं तसा भोपळाही जाऊ दे.”

चिमाक्का थांबली. तिच्याही मनात तेच आलं होतं, आलं नव्हतं असं कशाला म्हणू? मग तिनं पदर खोचला.

“भोपळा त्यांचा असेल, नदी आपली आहे. आपल्या दारात कुणाची गाडी बुडाली तर नाव आपलं जाईल. चला, लावा हात!”

वाडीच्या बायाबाप्यांनी दोन बांबूंना दोर बांधून भोपळा त्यावर घेतला आणि खांद्यावर उचलला. पुढच्या टोकाला रखमा! पाण्यातून, रेतीतून, किल्ल्याचा चढ चढून त्यांनी तो थेट दरबारात नेला. वाटेत रखमा म्हणाली, “आत्या, आत काहीतरी डुचमळतंय.” चिमाक्का म्हणाली, “उचलायचं कबूल केलंय. आत डोकवायचं नाही.”

राणीसाहेबांनी विचारलं, “भोपळा गावाचा, मग खांदे वाडीचे कसे?”

पाटील खाकरले. “चाक रुतलं होतं जरा. पण राणीसाहेब, हेच ते चोर! आमचं बी खातात.”

“खातो,” चिमाक्का म्हणाली. “पण चोरून नाही, वेचून. यांनी नदीत ओतलं, आम्ही नदीतून घेतलं. नदीला काही यांनी कुलूप लावलं नव्हतं.”

तिनं कमरेची पुरचुंडी सोडली आणि भाजलेलं बी राणीसाहेबांपुढे धरलं. राणीसाहेबांनी एक सोलून खाल्लं. मग दुसरं. मग पुरचुंडीच जवळ ओढली.

“पाटील, तुम्ही का नाही खात हे?”

“पोटात वेल उगवतो, राणीसाहेब,” पाटील अगदी गंभीरपणे म्हणाले. दरबार हसून लोटपोट झाला.

“मग या मोठ्या भोपळ्याचं बीही केवढं असेल! चिरा, पाहू दे.”

पाटलांचा चेहरा उतरला. त्या मुलखात अख्ख्या भोपळ्यावर पहिला वार त्याच्या धन्यानंच करायचा, अशी चाल. आता सुटका नव्हती. सुरी आत गेली मात्र, भस्सकन काळं पाणी बाहेर आलं आणि असा वास सुटला की भालदार नाक धरून पळाले! आत गर नाही, बी नाही. होती ती नुसती घाण.

“बी कुठं गेलं?” राणीसाहेबांनी विचारलं. पाटलांनी मान खाली घालून सगळं सांगितलं.

“मलाही बी मिळू नये म्हणून तुम्ही मला कुजका भोपळा दिलात,” राणीसाहेब म्हणाल्या. “वाडी नदीकाठी होती तिथंच राहील, कायमची. आणि मानाचं निशाण यंदा ज्यांनी भार वाहिला त्यांना.”

चिमाक्कानं निशाण घेतलं. इतका वेळ न आलेलं पाणी आता तिच्या डोळ्यांत आलं, आणि तिनं ते पुसलंसुद्धा नाही.

इथं गोष्ट संपली असती. पण पेरणीचे दिवस आले. पाटलांनी जपून ठेवलेलं मूठभर बी बाहेर काढलं. कुणाच्या नजरेस पडू नये म्हणून त्यांनी ते ओलं असतानाच तांब्याच्या डब्यात कोंबून झाकण घट्ट लावलं होतं. उघडून पाहतात तर सगळ्याला बुरशी! साऱ्या गावात एक दाणा उरला नव्हता. राज्यात गाजलेला भोपळा आता कायमचा संपणार होता.

बयाजी पाटील वाडीत आले. पागोटं हातात. चिमाक्काच्या अंगणात उभे राहिले आणि बुरशीनं भरलेला तो डबा त्यांनी तिच्यापुढे उघडून ठेवला.

चिमाक्का घरात गेली. दर वर्षी आलेल्या बियांतलं सगळ्यांत टपोरं बी ती वाळवून राखेत घालून ठेवायची. खडकावर पेरायचं नव्हतं, पण चांगल्या बियाचा वंश बुडू नये, एवढंच तिच्या मनात असायचं. तिनं ते मडकं पाटलांच्या हातात दिलं आणि वर भाजलेल्या बियांची एक पुरचुंडी ठेवली.

“हे पेरायचं आणि हे खायचं. अदलाबदल करू नका म्हणजे झालं.”

पाटलांनी मडकं छातीशी धरलं. “आक्का, आम्ही तुम्हाला बीखाऊ म्हणून हिणवलं.”

“मग आता तुम्हीही व्हा की! वाडीत जागा कमी आहे, पण नावात बरीच आहे.”

पाटलांनी तिथंच एक बी सोलून तोंडात टाकलं. मग नकळत कानाला हात लावून पाहिला. पान काही आलं नव्हतं!

पुढच्या आश्विनात वेल पुन्हा लगडले. तेव्हापासून गावानं बी नदीत ओतलं नाही. भोपळे चिरले की पाटील स्वतः पहिली टोपली डोक्यावर घेऊन वाडीत जायचे. वाटेत परमुलखातल्या कुणी विचारलं, “पाव्हणं, कोण तुम्ही?” तर छाती काढून सांगायचे, “आम्ही? आम्ही बीखाऊ!”

बोध एवढाच: दुसऱ्याला मिळू नये म्हणून जो बी फेकतो तो स्वतःच रिकामा राहतो, आणि जो ते जपून वाटतो त्याच्या अंगणात बळही राहतं आणि मानही.